खंबीर माणसाचा केसपेपर

ईसीजी नॉर्मल. टूडी एको नॉर्मल. ट्रेडमिलवर पळवलं, तोही रिपोर्ट नॉर्मल. जुलै २०२४ मध्ये साताऱ्यातल्या एका फिजिशियननी हे तिन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी म्हणालो, "एकदम." त्यांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, घडी घालून हातात दिली. "एकदा यांना भेटून या. घाबरण्यासारखं काही नाही." जिना उतरून चिठ्ठी उघडली, तर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव.

तपासण्यांचे चार हजाराच्या आसपास गेले होते. एको १,८००, ट्रेडमिल १,५००, बाकी ईसीजी, थायरॉइड, रक्त. छातीत दुखत असेल तर हे सगळं आधी करून घ्याच. "मनाचं असेल" असं आपणच ठरवून घरी बसू नका. का, ते पुढे येईल.

त्या चिठ्ठीनंतर काय काय झालं, ते लिहून ठेवतोय. मानसोपचाराच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेली माणसं माझ्या माहितीत बरीच आहेत. आत काय विचारतात, पैसे किती लागतात, ऑफिसला कुठला कागद द्यावा लागतो, हे कुणी सांगत नाही, कारण जाऊन आलेले गप्प असतात. मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे, वय ४७. कागदांची सवय आहे, म्हणून कागदांसकट सांगतो.

सुरुवात मात्र त्याच्या आधीची आहे. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार. तारीख सगळ्यांच्याच लक्षात आहे, कारण त्या दिवशी अहमदाबादला आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो. आमच्याकडे दुपारी दादा गेला. थोरला भाऊ, वय ५१. हार्ट अटॅक. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा खालच्या मजल्यावर टीव्ही चालू होता आणि आम्हाला पाहून कुणीतरी तो घाईघाईने बंद केला.

दादाला एकच मुलगी. पुतणी क्रिया करायला तयार होती, पण भावकीपुढे कुणाचं चाललं नाही, मीच केली. दहाव्याला संगम माहुलीला कावळा शिवेना. मागून कुणी म्हणालं, त्याच्या मनात काहीतरी राहिलंय, शब्द दे. मी हात जोडून म्हटलं, पोरीचं शिक्षण माझ्याकडे, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. थोड्या वेळाने कावळा आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला दादाला आणखी एक गोष्ट विचारायची होती. त्याच्या कपाटात सप्टेंबरची एक चिठ्ठी सापडली होती, "तातडीने ईसीजी करा" अशी, आणि शेजारी ॲसिडिटीच्या औषधाच्या तीन बाटल्या. छातीत दुखतंय हे त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पण नदीकाठी वचनं द्यायची मुभा असते. जाब विचारायची नसते.

पुढचे तीन महिने मी कागदांत होतो. मृत्यूचा दाखला (एकदम दहाएक प्रती काढून घ्या, प्रत्येक टेबलावर एक ठेवून घेतात), गावच्या सातबाऱ्यावर वारस नोंद, कंपनीतला हिशेब, पीएफ. मृत्यूच्या प्रकरणात पीएफ, पेन्शन आणि विमा या तिन्हींसाठी एकच एकत्रित अर्ज चालतो, हे एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीलाही मीच सांगितलं. सगळं वेळेत झालं. जो भेटेल तो म्हणायचा, तू फार खंबीर आहेस बाबा. आईला सांगायचे, तुमचा धाकटा आहे म्हणून घर उभं राहिलं. ऐकायला बरं वाटायचं, हे नाकारत नाही. आणि एकदा माणसाला खंबीर म्हटलं की त्याच्याकडे कुणी "तुला कसं वाटतंय" हे विचारायला येत नाही. त्याचं काम ठरून जातं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पतसंस्थेची नोटीस आली, माझ्या नावावर. २०२१ मध्ये दादाने घरदुरुस्तीसाठी कर्ज घेतलं होतं, जामीनदार मी. पुढच्या वर्षी दिवाळीत तो म्हणाला होता, "ते फेडून टाकलं बरं का." फेडलेलं नव्हतं. व्याजासकट तीन लाख चाळीस हजार. कर्जदार गेला म्हणून जामीनदार सुटत नाही. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. सही करताना हे मला माहीत होतं. फिटलंय असं ऐकल्यावर मी विसरलो होतो, एवढंच.

नोटीस मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आईला सांगितलं नाही, वहिनींना नाही, बायकोलाही नाही. पगारातून हप्ता सुरू केला.

जूनपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. घशात काहीतरी अडकलंय असं वाटायचं, गिळलं तरी जात नसे. आणि चिडचिड. पेन्शनच्या कामाला आलेल्या एका आजोबांवर मी इतका ओरडलो की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आली. रडू मात्र आलं नाही. दादा गेल्यापासून एकदाही नाही.

तर, चिठ्ठी. ती शर्टाच्या खिशातून पाकिटात आणि पाकिटातून गाडीच्या डिकीत गेली. साताऱ्यात मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर बसायचं म्हणजे अकरा तालुक्यांतल्या ग्रामसेवकांपैकी कुणी ना कुणी बघणार, ही खात्री. तिथल्या मनोरुग्णालयांमुळे आपल्याकडे येरवडा आणि ठाणे ही गावांची नावं राहिलेली नाहीत. "याला येरवड्याला पाठवा" हे मी स्वतः शंभरदा म्हटलं असेन, हसत.

सप्टेंबरात एका रात्री १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते. भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडली. पलीकडून एक बाई बोलल्या. मी म्हणालो, माझ्या चुलतभावासाठी विचारतोय. त्या म्हणाल्या, "बरं. भाऊंना झोप कशी लागते?" पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघंही त्या चुलतभावाबद्दल बोललो. भूक, झोप, काम, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचे विचार. नाही म्हटल्यावर त्यांनी तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. शेवटी म्हणाल्या, "भाऊंना सांगा, एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. आणि पहिल्यांदा जाताना घरच्या कुणालातरी बरोबर न्या." चुलतभावाचं नाव त्यांनी विचारलं नाही. या गोष्टीसाठी मी त्यांचा कायम ऋणी आहे.

घरचं कुणीतरी म्हणजे बायको. तिला सांगायला आणखी दोन आठवडे गेले. ती एवढंच म्हणाली, "मी कधीची वाट बघतेय."

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही पुण्याला गेलो. पुणे निवडायचं कारण उघड आहे, तिथे मला कुणी ओळखत नाही. पहिल्या भेटीची फी १,२००, नंतरच्या ८००. अपॉइंटमेंट दहा दिवसांनंतरची मिळाली. फी, वेळ आणि पैसे कसे घेतात हे फोनवरच विचारून घ्यावं, संकोच करू नये. आणि एक फरक सुरुवातीलाच समजून घ्या, मला तो माहीत नव्हता: मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलून उपचार करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायचा आपल्याला हक्क आहे.

बाहेर बसलेलो असताना एक छापील कागद भरायला दिला, मराठीतच होता. गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला, असे नऊ प्रश्न. उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ही प्रश्नावली जगभर वापरतात. मी भराभर शून्य आणि एक टाकत गेलो. एकूण आले सहा. म्हणजे मी १०० किलोमीटर प्रवास करून, रजा टाकून, पैसे भरून आलो होतो आणि कागदावर पुन्हा सगळं ठीक लिहीत होतो. डॉक्टरांनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि तेच प्रश्न तोंडी विचारले. झोपेच्या प्रश्नाला मी "बरी आहे" म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, मग पहाटे चारला गॅलरीत कोण बसतं?" एकूण झाले पंधरा. हेल्पलाइनवरच्या बाई घरचं माणूस न्यायला का सांगत होत्या ते तिथे कळलं. शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. माझं त्याचं उत्तर खरोखर शून्य होतं. तुमचं नसेल तर तेवढं एक उत्तर तरी खरं लिहा, बाकीच्यांत काय लपवायचं ते लपवा.

डॉक्टर म्हणाले, मध्यम स्वरूपाचं नैराश्य आहे, सोबत चिंता आहे आणि शोक अडकून राहिलाय. प्रियजन गेल्यावर दुःख होणं हा आजार नाही, पण ते सहा महिन्यांच्या पुढे तितकंच तीव्र राहिलं आणि त्याने रोजचं जगणं अडलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीत त्याला वेगळं नाव आहे. एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. झोपेची एक गोळी थोड्याच दिवसांपुरती. गोळी कुठली हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. माझं वाचून केमिस्टकडे जाऊ नका. पहिले काही दिवस मळमळलं, सकाळी डोकं जड राहायचं. फरक जाणवायला तीन आठवडे लागले. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून टिकलो. बरं वाटलं की आपल्या मनाने गोळी सोडायची नाही, हेही त्यांनी तीनदा सांगितलं. जनऔषधी केंद्रात तीच गोळी बरीच स्वस्त मिळते.

डोकं जड असताना ऑफिसात चुका व्हायला लागल्या, म्हणून डिसेंबरात वैद्यकीय रजा घेतली. आम्हा लोकांना अर्धवेतनी रजा जमा असते, वर्षाला वीस दिवस. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, तिला परिवर्तित रजा म्हणतात, आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. परत हजर होताना कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते त्याच डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा, नाहीतर त्यासाठी पुन्हा एक खेप पडते. इन्शुरन्सचं म्हणाल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरावं असं आहे, पण माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च मुळातच बसत नव्हता. खिशातूनच गेले.

अडचण वेगळीच होती. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा शिक्का, आणि शिक्क्यात "मानसोपचारतज्ज्ञ". मी डॉक्टरांना विचारलं, दुसरा काही शिक्का नाही का? ते हसले. म्हणाले, आजाराबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच कायद्याने तुम्हाला दिलाय, मी निदान मोघम लिहू शकतो, पण मी कोण आहे ते कसं बदलू? आस्थापना शाखेतला सहकारी माझ्या बॅचचा. त्याने प्रमाणपत्र घेतलं, वाचलं, आवक क्रमांक टाकला. मग अर्जाला जोडताना ते उलटं करून, शिक्का आतल्या बाजूला जाईल असं टाचलं. आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याने मला वाचवलं, हे खरंच. पण टेबलावरून उठताना मनात आलं की आता लपवायला मदतनीसही मिळाले.

गोळ्यांबरोबर समुपदेशन सुरू झालं होतं. पन्नास मिनिटांचे १,२००, पंधरा दिवसांतून एकदा. समुपदेशक बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. पहिल्या भेटीत मी त्यांना वारस नोंद कशी होते ते समजावून सांगितलं. खरंच. दुसऱ्या भेटीत दादाचे गुण. त्या ऐकत होत्या. मी "रडू येत नाही" अशी तक्रार घेऊन गेलो होतो, आणि माझी समजूत अशी होती की आत दुःख साठलंय, ते बाहेर काढायचंय.

बाईंनी एकदा अचानक विचारलं, "दादांचा राग येतो का?"

मी म्हणालो, गेलेल्या माणसाचा कसला राग. आणि छाती आवळली. तिथेच, खुर्चीत. त्यांनी पाणी दिलं आणि थांबल्या. मग नोटीस बाहेर आली, ॲसिडिटीच्या बाटल्या आल्या, दिवाळीतलं "फेडून टाकलं बरं का" आलं. पंधरा महिन्यांत कुणालाही न सांगितलेलं. मी रडलो नाही. मी तावातावाने भांडत होतो, त्याच्याशी, त्या बाईंच्या समोर. मला दहाव्याला विचारायचं होतं ते: सांगितलं का नाहीस? दुखत होतं तर बोलला का नाहीस?

दुःख लपवायला मला खरं तर कुणीच सांगितलं नव्हतं. मी दुःख केलं असतं तर भावकीने पाठीवरून हातच फिरवला असता. दुःख शोभतं. मेलेल्या भावाचा राग शोभत नाही. लोक रडणं लपवतात असं आपण म्हणतो, पण बरेचदा रडणं हे वरचं झाकण असतं, खाली काहीतरी न सांगण्यासारखं असतं. राग, मत्सर, सुटल्याची भावना. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या सुनेला विचारून बघा, ती गेल्यावर पहिल्यांदा काय वाटलं. सांगणार नाही.

पुढच्या भेटीला त्यांनी घरचा अभ्यास दिला होता. "दादाचा राग आलाय हे मी सांगितलं तर काय होईल?" ते लिहून आणायचं. मी कार्यालयीन टिपणीसारखं लिहिलं. आई मोडून पडेल. वहिनींना ओशाळं वाटेल. पुतणीच्या मनातला बाप डागाळेल. भावकी चघळत बसेल. शेवटी, जरा बारीक अक्षरात: माणूस गेला आणि हा पैसे मोजतोय, असं वाटेल. बाई म्हणाल्या, पहिली चार कारणं दुसऱ्यांसाठी आहेत, पाचवं कुणासाठी आहे? माझ्यासाठी. मला कोता दिसायचं नव्हतं. बाकीची चार खोटी नव्हती, पण ती पुढे उभी केलेली होती. आपण इतरांना जपण्यासाठी गप्प बसतो हे अर्धंच खरं. आपलं जे चित्र लोकांनी काढलंय ते आपल्यालाही आवडलेलं असतं. खंबीर!

त्यांची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची होती. ॲल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली हटवादी समजूत जास्त त्रास देते, ती पकडायची आणि तिच्याशी वाद घालायचा. "कर्त्या माणसाने कधीही ढळता कामा नये" ही माझी. कुठे लिहिलंय, असं त्या विचारायच्या. कुठे लिहिलंय म्हटल्यावर कारकुनाची अडचणच होते.

एकदा त्यांनी अमेरिकेतल्या काही प्रयोगांबद्दल सांगितलं, नंतर मीही वाचलं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात लोकांना त्रासदायक चित्रफिती दाखवल्या आणि काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं. चेहरे कोरे राहिले, पण आतली भावना कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. २००३ मधला एमिली बटलर यांचा प्रयोग मला जास्त लागला. अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अशीच चित्रफीत दाखवून त्यावर बोलायला बसवलं. जोडीतली एक भावना दाबत होती, तेव्हा समोरच्या, काहीही न दाबणाऱ्या बाईचाही रक्तदाब वाढला. हे वाचलं त्या आठवड्यात आईच्या बीपीची गोळी डॉक्टरांनी वाढवली होती. माझ्यामुळे वाढली असं मी म्हणत नाही, तिचं वय ७४ आहे. पण डोक्यात राहिलं.

लिहायचा उपायही दिला. सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, थांबायचं नाही, खोडायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांकडून असं लिहून घेतलं होतं. मनावरच्या घावाबद्दल लिहिणारे पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मी जुन्या डायरीत लिहिलं आणि फाडून टाकलं. पहिल्या दोन दिवसांनंतर आणखी वाईट वाटतं, हे आधी माहीत असू द्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बाई म्हणाल्या, आईंना एकदा आणाल का? आई म्हणाली, "मला काय धाड भरलीये?" मग म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून चल. तशी आली, जरीकाठाची साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. एसटीची भाडी जानेवारीत पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढली होती, त्यावर ती कात्रजपर्यंत बोलत होती. अर्ध्या तिकिटात बसून.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, झोप लागते का? आई म्हणाली, "चारला उठते मी. जप करते." मग थोडं थांबून, "जप कसला. माळ हातात असली की कुणी विचारत नाही." पहाटे चारला मी गॅलरीत आणि ती देवघरात, मधे एक भिंत, आणि दोघंही दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून दबकत वावरत होतो. का नाही बोललीस आई, असं मी विचारलं तर म्हणाली, "तू एवढा उभा होतास, तुला कशाला वाकवू?"

त्यानंतर गळ्यात पडून रडलो वगैरे काही झालं नाही. आई भडकली. दादाचे कपडे मी महिन्याच्या आत वाटून टाकले, स्कूटर विकली, तिला विचारलं नाही. "एक सदरा तरी ठेवायचा होतास." हे तिने सव्वा वर्ष पोटात ठेवलं होतं. मी कर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये. त्याने मलाच सांगितलं होतं आणि शपथ घातली होती." मग मला तिचाही राग आला. बाई मधे पडल्या नाहीत. पन्नास मिनिटांची ती भेट सव्वा तास चालली, जास्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून रडली आणि मी शेजारी बसून रडलो. खंबाटकीच्या घाटात. कंडक्टरने तिकीट तपासलं आणि पुढे गेला.

वहिनींना सांगायला एप्रिल उजाडला. शब्दांची जुळवाजुळव करून गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला एकच नोटीस आलीये." एका सोनाराकडे त्यांच्या पाटल्या गहाण होत्या, पावती दादाच्या बॅगेत सापडली होती. मुलगी ऐकेल म्हणून त्या वर्षभर हसतमुखाने फिरत होत्या. त्या दिवशी आम्ही दोघांनी दादाला भरपूर शिव्या दिल्या आणि मग त्याच्या आवडीचा मसालेभात केला होता तो जेवलो. कर्ज कुणाचं किती हे त्याच वेळी कागदावर मांडलं. पतसंस्थेत दोघं मिळून गेलो, व्याजात थोडी सूट मागितली, मिळाली. एकटा गेलो होतो तेव्हा मी मागितलीच नव्हती.

ऑफिसात मी अजूनही काही दाखवत नाही, आणि दाखवायला हवं असं मला वाटत नाही. सकाळी टेबलावर आलेल्या माणसाला माझं मन उघडून दाखवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, त्याला दाखला हवा असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे चारचौघांत ठीकच आहे. समुपदेशक बाईंचंही म्हणणं हेच होतं: सगळ्यांना सांगू नका, एक-दोन माणसं ठरवा. समुपदेशक पटला नाही तर बदलावा, असंही त्यांनीच सांगितलं होतं. मला बदलावा लागला नाही.

मार्चपासून पुण्याच्या खेपा थांबवल्या आणि साताऱ्यातच सरकारी रुग्णालयात जायला लागलो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे डॉक्टर बसतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. गोळ्या बहुतेक वेळा तिथेच मिळतात, संपलेल्या असल्या तर चिठ्ठी देतात. बोलायला पुण्याइतका वेळ मिळत नाही, मागे रांग असते, म्हणून काय सांगायचंय ते चार ओळींत लिहून नेतो. बाहेरच्या बाकावर पहिल्याच दिवशी खटाव तालुक्यातले एक ग्रामसेवक भेटले. दोघांनीही आधी मोबाइल काढला. मग ते म्हणाले, "साहेब, नंबर कितवा?" मी सांगितला. त्यांचा माझ्या आधी होता.

आता गोळी ५ मिलिग्रॅमवर आली आहे, पुढे दिवसाआड करायचं डॉक्टर बघतील. पहाटे जाग अजून येते, रोज नाही. आलीच तर आई चहा टाकते. पतसंस्थेचे हप्ते पुढच्या जूनपर्यंत आहेत. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर सोमवार टाळा, गर्दी फार असते, आणि जुना केसपेपर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून न्या. हरवला की नवा काढावा लागतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.